कॅथलिक वनछावण्या आणि मुलांचे 'मामा'

उन्हाळ्याच्या सुट्टींत मूल कोणाच्या हवालीं करावें, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ पिढ्या कोणास पडलाच नाहीं. मुलें मामाच्या गांवीं जात. मामाची चौकशी कोणी करीत नसे, कारण ती मुलांच्या आईनें लहानपणापासून केलेलीच असे. हल्लीं मामा शहरांतल्या दोन खोल्यांत राहतो, त्याला सुट्टी मिळत नाहीं, आणि सुशिक्षित घरांतील मुलें शिबिरांस जातात. तेथें त्यांस जो कोणी सांभाळणार त्याची ओळख आईबापांस एका छापील पत्रकावरून करून घ्यावी लागते. युरोप-अमेरिकेंतील शहरांत ही अवस्था शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच येऊन ठेपली होती. तीमधून तेथील कॅथलिक समाजानें जी एक संस्था वाढविली ती म्हणजे रानांतील उन्हाळी छावणी. डोंगर, नदी, तंबू आणि बरोबर एक धर्मगुरु, असें तिचें थोडक्यांत स्वरूप आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें कॉन्व्हेंट शाळांत शिकतात. कित्येकांचीं नातवंडें अमेरिकेंत वाढत आहेत, व वर्गांतल्या कॅथलिक सोबत्यांबरोबर त्यांनाही अशा छावणीचें बोलावणें येतें. म्हणून ह्या संस्थेचा इतिहास आईबापांनीं जाणून घ्यावयास हवा. त्याची एक बाजू फार उज्ज्वल आहे आणि एक फार काळी आहे, आणि आमच्या मतें दोहोंचें मूळ एकच आहे.

मुलांस रानांत नेण्याची कल्पना मूळची कॅथलिकांची नव्हे. अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांत गन नांवाच्या एका शाळाचालकानें १८६१ सालीं आपले विद्यार्थी पायीं चालवीत समुद्रकांठीं नेले व तेथें तंबूंत ठेविले. झूरिक येथील बिऑन या प्रॉटेस्टंट पाद्र्यानें १८७६ सालीं शहरांतील गरीब, अशक्त मुलें हवापालटासाठीं डोंगरी खेड्यांत नेलीं. १९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं ब्राउन्सी बेटावर वीस-बावीस मुलांची छावणी केली व तींतून बालवीर चळवळ निघाली. ह्या तिघांपैकीं एकही कॅथलिक नव्हता. त्यामुळें फ्रान्सांतील धर्मनिष्ठ मंडळी ह्या खटाटोपाकडे प्रथम वांकड्या नजरेनेंच पाहत. ही इंग्रज प्रॉटेस्टंटांची युक्ति असून तिच्या पाठीशीं फ्रीमेसन लोक आहेत, असाही प्रवाद होता. तो मोडून काढण्याचें काम जाक सव्हँ नांवाच्या जेझुइट पाद्र्यानें केलें. त्यानें १९१३ सालीं इंग्लंडांत जाऊन बेडन-पॉवेल यांची भेट घेतली, १९२० सालीं इतर मंडळींच्या साह्यानें फ्रान्सांतील कॅथलिक बालवीरांचा संघ स्थापिला, आणि १९२३ पासून पॅरिसच्या दक्षिणेस शामारांद येथें एका जुन्या गढीच्या आवारांत नायकांचे शिक्षणवर्ग चालविले. सव्हँचा आग्रह असा होता कीं, छावणीच्या कार्यक्रमास प्रार्थनेचें ठिगळ लावूं नये. लाकूड तोडणें, विस्तव पेटविणें, रात्रीं पहारा देणें ह्या सर्व गोष्टी म्हणजेच धर्मशिक्षण समजावें. मुलांनीं स्वतः फांद्या बांधून वेदी उभारावी व तिच्यावर मिस्सा व्हावी. (मिस्सा हा आमच्या वसईकडील ख्रिस्ती बांधवांचा शब्द, ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाची स्मृति म्हणून होणारी ती मुख्य उपासना.)

ह्या धर्माच्या परंपरेंत अरण्यास मान आहेच. मोशे रानांत गेला, येशू चाळीस दिवस रानांत राहिला, आणि जुने तपस्वी इजिप्तच्या वाळवंटांत जाऊन बसले. विसाव्या शतकांत तर प्रत्यक्ष गिर्यारोहकच पोपच्या गादीवर आला: १९२२ सालीं अकरावा पायस झालेले अकिले राती हे १८८९ सालीं मोंते रोझाच्या पूर्वेकडील भयंकर कड्यावरून शिखरावर चढून गेले होते. तुरिन शहरांतील पिएर जॉर्जो फ्रासाती हा तरुण आल्प्स चढण्यांत व गरिबांच्या सेवेंत रमे. तो १९२५ सालीं चोविसाव्या वर्षीं वारला व १९२५ च्या शंभर वर्षांनंतर, ७ सप्टेंबर २०२५ रोजीं, त्यास संतपद देण्यांत आलें.

परंतु ह्या इतिहासांतील सर्वांत रम्य प्रकरण पोलंडांत घडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें कम्युनिस्ट राजवट आली. धर्मगुरूनें देवळाच्या भिंतीआड उपासना चालवावी, तरुणांच्या संघटना मात्र त्याने चालवूं नयेत, असा सरकारचा रोख होता. क्राकुफ शहरांत १९४९ पासून कारोल वोय्तिवा नांवाचे एक तरुण धर्मगुरु विद्यार्थ्यांमध्यें काम करीत होते. आई, भाऊ व वडील ह्या तिघांसही विसाव्या-एकविसाव्या वर्षाच्या आंतच गमावलेला हा मनुष्य. घर म्हणून त्यांस उरलें होतें तें ह्या मित्रमंडळींचेंच. विद्यार्थी त्यांच्याबरोबर डोंगरांत भटकूं लागले. धर्मगुरूचा झगा अंगावर असता तर पोलिसांच्या नजरेंत आला असता, म्हणून ते साधा पोशाख करीत. आणि आगगाडींत किंवा वाटेंत कोणीं 'फादर' अशी हाक मारली तर बिंग फुटलें असतें, म्हणून मुलें त्यांस 'वुयेक' म्हणूं लागलीं. इंग्रजी चरित्रकार ह्याचें भाषांतर 'अंकल' असें करून मोकळे होतात, पण मराठी वाचकास अधिक चांगलें कळेल. पोलिश भाषेंतही आपल्याप्रमाणें बापाच्या भावास एक व आईच्या भावास दुसरा असे दोन शब्द जुन्या काळापासून आहेत, आणि 'वुयेक' हा आईच्या भावाच्या शब्दाचा लाडका प्रकार आहे. म्हणजे हे सरळसरळ मामाच झाले. सरकारास त्यांनीं मामा बनविलें, असेंही मराठींत म्हणतां येईल.

१९५३ पासून ही मंडळी उन्हाळ्यांत कयाक घेऊन नद्यांवर जाऊं लागली. पहिली सफर उत्तरेकडील ब्रदा नदीवरची. तुखोलाच्या पाईनच्या जंगलांतून ही नदी संथपणें वाहते. सकाळीं कांठावर एक कयाक उलटी करीत, ती झाली वेदी. दोन वल्हीं एकमेकांस बांधीत, तो झाला क्रूस. मिस्सा झाली कीं सामान बांधून निघावयाचें. कयाक दोघांची असे, आणि मामांच्या पुढें दररोज निराळा विद्यार्थी वा विद्यार्थिनी बसे. दिवसभर वल्हविणें चालूं आणि बोलणेंही चालूं: प्रेम, लग्न, नोकरी, देवाविषयींच्या शंका. प्रेम व विवाहधर्म यांवरील त्यांचें जें पुस्तक १९६० सालीं निघालें त्यांतील विचारांची चर्चा अशाच सफरींत होऊन गेली होती. १९५८ च्या जुलैंत ते विना नदीवर असतां वॉर्साहून कार्डिनल विशिन्स्की यांचें बोलावणें आलें. तेथें त्यांस कळलें कीं, आपणांस साहाय्यक बिशप नेमिलें आहे. तें कबूल करून ते परत कयाकींकडे गेले! पुढें आर्चबिशप व कार्डिनल झाल्यावरही सफरी थांबल्या नाहींत. १६ ऑक्टोबर १९७८ रोजीं ते दुसरे जॉन पॉल या नांवानें पोप झाले तेव्हांच त्या संपल्या. १९८६ च्या फेब्रुवारींत मुंबई, वसई व पुणें येथें लक्षावधि लोकांनीं ज्यांस पाहिलें ते हेच गृहस्थ. २०१४ सालीं त्यांस संतपद मिळालें.

हें चित्र मनास मोह पाडणारें आहे, आणि अमेरिकेंत आज ज्या कॅथलिक वनछावण्या आहेत त्यांपैकीं अनेकांच्या चालकांनीं ह्या कयाकींपासूनच स्फूर्ति घेतली आहे. कोलोरॅडो संस्थानांत तर त्यांच्या मूळ आडनांवाची छावणीही आहे. पत्रकावर त्यांचा हिमाच्छादित डोंगरांतील फोटो असतो. परंतु त्या फोटोवरून एक गोष्ट कळत नाहीं, आणि पालकांच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची. ब्रदा नदीवर गेलेलीं तीं 'मुलें' मुलें नव्हतींच. तीं कॉलेजांतील विद्यार्थी, तरुण इंजिनिअर, नवविवाहित जोडपीं अशीं जाणतीं माणसें होतीं; पुढें तीं आपलीं तान्हीं बाळें घेऊन येऊं लागलीं. मामांशीं तीं वाद घालीत, त्यांची थट्टा करीत, आणि नको वाटलें तर उठून घरीं जाऊं शकत. एका कयाकींत दोघेच असले तरी ती कयाक उघड्या पाण्यावर, पांचपन्नास हातांवर चाललेल्या दहा कयाकींच्या नजरेंत असे. बोलणें कोणास ऐकूं न जावें, पण बोलणारे सर्वांस दिसावेत, अशी ती बसण्याची रीत होती. ती कोणीं हेतुपूर्वक ठरविली नव्हती. नदीनेंच ती ठरविली. ह्याच सफरीचें रूपांतर जेव्हां दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या छावणींत होतें तेव्हां डोंगर, तंबू, मिस्सा, विस्तवाभोंवतींचीं गाणीं हें सर्व तसेंच राहतें; पण वाद घालण्याची, थट्टा करण्याची व उठून जाण्याची जी शक्ति त्या तरुणांत होती ती दहा वर्षांच्या मुलांत नसते.

अशी शक्ति नसलेल्या मुलांचें काय होतें, तें फ्रान्सांतील ल्यों शहराजवळच्या एका प्रकरणानें जगास दाखविलें. सँत-फ्वा नांवाच्या उपनगरांत सधन, सुशिक्षित कॅथलिक कुटुंबें राहत. तेथील देवळांत बेर्नार प्रेना हा धर्मगुरु १९७०च्या सुमारापासून १९९१ पर्यंत मुलांचें एक बालवीर पथक चालवीत असे. पथक त्याचें स्वतःचें होतें. सव्हँनें स्थापिलेल्या राष्ट्रीय संघाशीं त्याचा संबंध नव्हता. त्यामुळें वरून पाहणी करावयास येणारा कोणी नव्हता. प्रेना उत्साही होता, मुलांत लोकप्रिय होता, आणि आपला मुलगा त्याच्या पथकांत घेतला जावा म्हणून आईबाप धडपडत. छावण्यांत व सहलींत त्यानें वर्षानुवर्षें अनेक मुलांवर लैंगिक अत्याचार केले. १९९१ सालीं एका मुलाच्या आईबापांनीं धर्माधिकाऱ्यांकडे तक्रार केली तेव्हां त्यास पथकांतून काढलें. पोलिसांस मात्र कोणीं कळविलें नाहीं, आणि दुसऱ्या गांवीं त्याचें धर्मगुरुपद २०१५ पर्यंत चालूं राहिलें. त्या सालीं मोठे झालेले बालवीर एकत्र आले, त्यांनीं संस्था काढली, आणि प्रकरण न्यायालयांत गेलें. आपण हें केलें असें प्रेनानें कबूल केलें. मार्च २०२० मध्यें त्यास पांच वर्षांची शिक्षा झाली. ल्योंचे कार्डिनल बार्बारँ यांस ही गोष्ट लपविल्याबद्दल खालच्या न्यायालयानें २०१९ सालीं दोषी ठरविलें होतें. पुढील वर्षीं अपिलांत ते सुटले. फ्रेंच धर्मसंस्थेनेंच नेमिलेल्या सोव्हे समितीनें ऑक्टोबर २०२१ मध्यें जो अहवाल दिला त्यांत १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरु व संन्यासी यांच्याकडून अत्याचार झालेल्या बालकांची संख्या अंदाजें २,१६,००० धरली आहे.

ल्योंच्या त्या आईबापांस निष्काळजी म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. त्यांनीं मुलांस दुष्टाच्या नव्हे, आपल्यापेक्षां चांगल्या समजलेल्या माणसाच्या हवालीं केलें होतें. चांगलेपणाची चौकशी करणें म्हणजे अपमान करणें, ही समजूत सर्व धर्मांच्या सुसंस्कृत घरांत सारखीच असते. आमच्याकडेही गुरुजींस असा प्रश्न विचारावयाचा म्हटलें म्हणजे जीभ अडते.

आतां ह्या इतिहासांतील सर्वांत विलक्षण योगायोग सांगतों. अमेरिकेंत थिओडोर मॅकॅरिक नांवाचे एक धर्माधिकारी होते. घरोब्याच्या कुटुंबांतील मुलें व पुढें धर्मगुरुपदाचे विद्यार्थी त्यांस 'अंकल टेड' म्हणत. तसें म्हणावें असा त्यांचाच आग्रह असे. न्यू जर्सीच्या समुद्रकांठीं त्यांच्या बिशपक्षेत्राचें एक घर होतें. सुट्टीस ते विद्यार्थ्यांस तेथें नेत, आणि बिछाने एकानें कमी असत. त्यांच्याविषयींच्या तक्रारी रोमपर्यंत गेल्या होत्या. तरीही २००० सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस वॉशिंग्टनचे आर्चबिशप नेमिलें. २०१९ सालीं मॅकॅरिक यांचें धर्मगुरुपद काढून घेण्यांत आलें, व नोव्हेंबर २०२० मध्यें व्हॅटिकननें ह्या सर्व प्रकरणाचा मोठा अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. पोपनीं तक्रारींवर विश्वास कां ठेविला नसावा, ह्याचें जें एक कारण त्यांत दिलें आहे तें वाचून आम्ही थबकलों. पोलंडांत कम्युनिस्ट सरकार बिशपांना बदनाम करण्यासाठीं त्यांच्यावर खोटे आरोप रचीत असे. तो अनुभव त्यांच्या मनांत ताजा होता. ज्या राजवटीनें त्यांस खरा मामा बनविलें तिनेंच खोटा मामा ओळखण्याची त्यांची नजर अधू केली, असें म्हणावें लागतें. आणि हें त्यांच्या एकट्याचेंच नव्हतें. फ्रांचिशेक ब्लाखनित्स्की यांनीं क्रोश्चेन्को येथून चालविलेल्या पंधरा-पंधरा दिवसांच्या उन्हाळी शिबिरांवर पोलिश सरकार आरोग्यखात्याचे निरीक्षक पाठवी व जागा देणाऱ्या शेतकऱ्यांस दंड करी. तपासणी म्हणजे छळ, हें समीकरण तेथील धर्मनिष्ठांनीं अनुभवानें शिकलें होतें. छळाच्या काळीं तें शहाणपणाचें होतें. पण तेंच समीकरण स्वतंत्र देशांत नेलें कीं प्रेनासारख्याच्या कामीं येतें. छावणींतल्या कोणा चालकास चौकशीचा राग आला तर त्यामागें कोणता इतिहास आहे हें पालकांनीं समजून घ्यावें; चौकशी मात्र सोडूं नये.

अमेरिकन बिशपांनीं जून २००२ मध्यें डॅलस येथें जे नियम केले त्यांपासून तेथें मुलांत काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वपीठिका तपासणें व त्यास शिक्षण देणें आवश्यक झालें आहे. एक प्रौढ व एक मूल एकटे बंद जागेंत असूं नयेत. कमींत कमी दोन प्रौढ असावेत. खासगी बोलणें इतरांस दिसेल अशा जागीं व्हावें. वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, ब्रदा नदीवर जें आपोआप घडलें तेंच आतां कागदावर लिहावें लागत आहे. पापनिवेदनाविषयीं, म्हणजे धर्मगुरूपुढें आपल्या चुका कबूल करण्याच्या विधीविषयीं, एक गोष्ट कॅथलिकेतर पालकांस ठाऊक नसते. तेथें ऐकलेलें धर्मगुरूनें कोणासही, कोणत्याही कारणानें सांगावयाचें नाहीं, असा त्यांच्या धर्माचा कडक दंडक आहे. म्हणजे मुलानें आपलें दुःख तेथें सांगितलें तर तें तेथेंच राहूं शकतें; बोलण्याची दुसरी जागा त्यास आधीं दाखवून ठेविली पाहिजे. बाप्तिस्मा न झालेल्या मुलास मिस्सेंत बसतां येतें, प्रसाद मात्र घेतां येत नाहीं. तें त्यास घरींच सांगून ठेवावें, नाहीं तर सर्वांच्या रांगेंत परत फिरतांना त्यास उगाच अवघडल्यासारखें होतें.

माणसांविषयीं इतकें झालें. रान स्वतःही रानच असतें. २२ जुलै १९९८ रोजीं ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पेरोस-गिरेकजवळ एका परंपरानिष्ठ कॅथलिक पथकाचे बालवीर लहान शिडाच्या होडींतून समुद्रांत गेले. हवा बिघडली, होडी भरकटली, व चार मुलें आणि त्यांच्या मदतीस धांवलेला एक नौकाविहारी मृत्युमुखीं पडला. छावणीप्रमुख धर्मगुरूस न्यायालयानें हयगयीबद्दल दोषी ठरविलें. आणि ज्या तुखोलाच्या जंगलांतून मामांच्या कयाकी गेल्या त्याच प्रदेशांत, सुशेक येथें, ११ ऑगस्ट २०१७ च्या रात्रीं ख्रिस्ती धर्मनिष्ठ बालवीर संघाच्या छावणीवर प्रचंड वादळ आलें. झाडें तंबूंवर कोसळलीं. तेरा व चौदा वर्षांच्या दोन मुली दगावल्या. वाटा झाडांनीं बंद झाल्यामुळें मदतीस आलेल्यांना करवतींनीं रस्ता कापीत जावें लागलें. समुद्रावरच्या संकटाचा दोष एका माणसाच्या बेफिकिरीकडे जातो; जंगलांतल्याचा तितका सरळ कोणाकडे जात नाहीं. पालकांनीं ह्यावरून रानास भ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हवामानाचा इशारा छावणींत कोण ऐकतो, तो आल्यावर मुलें कोणत्या पक्क्या इमारतींत नेतात, आणि जवळचें रुग्णालय किती मैलांवर आहे, हें विचारण्यांत भित्रेपणा नाहीं.

आपल्या देशांत २०१२ च्या पोक्सो कायद्यानें एक गोष्ट स्पष्ट झाली आहे: बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचें किंवा होण्याचा संभव असल्याचें ज्यास कळलें त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे, न कळविणें हा गुन्हा आहे, आणि त्यांतून संस्थेचा प्रमुखही सुटत नाहीं. शिबिर मठाचें असो, शाळेचें असो कीं देवळाचें असो, हा नियम तोच. शिबिरचालकांस तो ठाऊक आहे कीं नाहीं हें एका वाक्यांत विचारतां येतें, आणि उत्तर देतांना समोरचा मनुष्य किती अडखळतो तेंही पाहतां येतें. बहुतेक वनछावण्यांत मुलांचे फोन काढून घेतात. त्यास आमची हरकत नाहीं; आठ दिवस फोनावांचून राहिलेलें मूल घरीं येऊन पहिल्यांदा चांगलें बोलतें असा पुष्कळांचा अनुभव आहे. पण मग घरीं बोलावयाचें झालें तर तें कोणाकडे जाईल, आणि त्याच माणसाविरुद्ध बोलावयाचें असेल तर कोणाकडे जाईल, हे दोन प्रश्न छावणीच्या चालकांस लेखी विचारावेत, व दुसऱ्याचें उत्तर येईपर्यंत पैसे भरूं नयेत.